राईतल्या वाळक्या काटक्या

एका डोंगरगावात यसूमावशी नावाची एक बाई शाळेत खिचडी रांधायची. आठ दिवस ती घसा फोडून सांगत होती, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवील तर शपथ! "अरे, पोरं देवराईत सहलीला जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी झरा गढूळ झाला. हे सहलीचंच काम!"

शाळा पाणी प्यायची ते त्याच झऱ्याचं. पण गुरुजी वह्या पुढं करायचे. "मावशी, वाचा. 'राईतली वाळकी काटकीही उचलू नये, हा गावाचा नेम.' सगळ्यांनी लिहिलंय. एकट्या तानीची वही कोरी. तिला शून्य दिलंय."

मावशी चक्रावली. लिहिलंय तर खरं. मग पाणी नासलं कसं?

"त्या वह्या घाला चुलीत! चला वर देवराईत."

गुरुजी नि पोरं तिच्यामागं वर जाऊन बघतात तर झऱ्याच्या तोंडचे दगड उलथेपालथे. कडेचा नेचा मुळासकट उपटलेला. त्यानं धरलेली माती सुटून पाण्यात उतरत होती. वहीत चिकटवायला जो तो नमुना घेऊन गेला होता.

कोऱ्या वहीची तानी मात्र पुढं झाली. ती घरचं पाणी रोज इथूनच भरायची; कुठला दगड कुठं होता, तिला पाठ होतं. ती एकेक लावू लागली.

मावशीला चेव आला. "बघा गुरुजी, हिला शून्य! ताने, सगळे ओरबाडत होते, तू एकटी कशी गं शहाणी?"

"शहाणी कुठली, मावशी? माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी मागंच राहिले. बाकीच्यांनी काय बघितलं, मला नाही माहीत."

"काय बघितलं रे?" मावशी पोरांतल्या सुदामवर खेकसली.

सुदाम पायानं माती उकरत राहिला. "मावशी, सहलीला खिचडी रांधताना तुम्ही चुलीला राईतल्या काटक्या मोडल्या. आम्हाला वाटलं, नेम नुसता वहीत लिहायचा असतो."

"अरे मेल्या, त्या वाळक्या होत्या! तुमच्याच पोटासाठी..."

बोलता बोलता तिची नजर स्वतःच्याच हातांवर गेली. आठ दिवस ती चोर शोधत होती.

तात्पर्य: पोरं रानात नेली म्हणून रान शिकत नाहीत; मोठ्यांचे हात रानाशी कसे वागतात, तेवढंच शिकून येतात. म्हणून झरा कोणी नासवला विचाराल, तर पोरांनी नव्हे, गुरुजींनीही नव्हे. पहिली काटकी मोडणाऱ्या यसूमावशीनं.