निळीने वाडगा नाकारला

राज्य कुठलं, राजा कुठला, ते विचारू नका. गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा मासोळ्या बोलायच्या आणि माणसं, मनात आलं तर, ऐकायचीही.

त्या राज्याच्या राणीने महालात एक काचेचा हौद करवून घेतला. लांबरुंद हौद, तळाशी वाळू, वाळूत पाणवेली, एका बाजूला आडवं घातलेलं मडकं. त्यात सोडायला तिने लढाऊ जातीच्या मासोळ्या मागवल्या. या जातीचे नर एका पाण्यात ठेवले तर एकमेकांचा जीव घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माद्या त्या मानाने शहाण्या, म्हणून राणीने त्याच आणवल्या, पण त्याही काही गरीब गाई नव्हेत. शेजारच्या राज्याची राणी तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, थोड्याच दिवसांत हौदात एकच उरेल. आपल्या राणीला ते चांगलंच झोंबलं. माझ्या हौदात सगळ्या जणी गुण्यागोविंदाने नांदतील, असं ती चारचौघांत सांगून बसली. झालं! आता नांदल्याच पाहिजेत.

तर नांदल्या की. सुरुवातीला कल्ले फुगवणं, अंगावर धावून जाणं, शेपटीचे फटके, सगळं यथासांग पार पडलं. मग हळूहळू प्रत्येकीने आपापली जागा धरली. पांढरी मडक्यापाशी, करडी दगडाआड, पिवळी वरच्या पानांत. निळीने मागच्या दाट पाणवेली घेतल्या. निळी अंगाने लहानखुरी, पण भारी तिखट. कुणी जवळ आलं की कल्ले फुलवून बजावायची, इथून पुढे माझं. समोरची मुकाट वळायची आणि निळीही आपल्या कामाला लागायची. भांडण तिथल्या तिथे मिटायचं.

राहता राहिली तांबडी. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत देखणी. ती काचेजवळ आली की बघणाऱ्याची नजर हलत नसे. राणी तिला स्वतःच्या हाताने भरवायची, पाहुण्यांना आधी तीच दाखवायची. लाडाने शहाणीसुरती माणसं शेफारतात, तिथे मासोळीची काय कथा? तांबडीने आधी इतरांच्या तोंडचं खाणं पळवलं. मग तिला मडकं हवंसं झालं. पांढरी हटेना, तेव्हा तिने पांढरीच्या शेपटीचा लचकाच तोडला.

राणीने ती फाटकी शेपटी पाहिली आणि तिचा जीव कळवळला. खरंच कळवळला हो, उगाच खोटं कशाला सांगू? हौदाची देखभाल येसू नावाच्या दासीकडे होती. बिचारीला आधी बाहेर काढ, असं राणीने येसूला सांगितलं. येसूने पांढरीला जाळीने अलगद उचललं, हौदाशेजारच्या दगडी कट्ट्यावर पाण्याने भरलेला वाडगा ठेवला, त्यात तिला सोडलं आणि जखमेला बरं म्हणून वर बदामाचं वाळकं पान टाकलं. राणीला हायसं वाटलं.

इकडे मडकं तांबडीला मिळालं. तांबडी काही खुळी नव्हती. जिला आपण चावतो ती जाते आणि तिची जागा आपल्याला मिळते, एवढं तिला एका फटक्यात समजलं.

मग तिला दगड हवा झाला. मग वरची पानं हवीशी झाली. करडी गेली, पिवळी गेली, आणखी एक-दोघी गेल्या. कट्ट्यावर वाडग्यांची रांग लागली. हौदात फाटकी शेपटी औषधालाही दिसेना, त्यामुळे हौद कसा अगदी शांत वाटायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, काय बाई नांदतात तुमच्या मासोळ्या! नांदायला आत उरलंय कोण, याची चौकशी एकाने केली असेल तर शपथ. आणि कट्ट्यावरचे वाडगे राणीने नीट कापडाने झाकून ठेवले होते.

शेवटी तांबडी पाणवेलींपाशी आली. तिने निळीला जागा सोडायला सांगितली. निळी म्हणाली, नाही सोडत. तांबडी तुटून पडली. निळीनेही चावे घेतले, कमी केलं नाही, पण तांबडी तिच्या दुप्पट होती. निळीची अर्धी शेपटी गेली. तरी ती वेलींतून हलली नाही. दमून तांबडीच परत फिरली.

सकाळी येसूची जाळी पाण्यात उतरली, ती थेट निळीच्या दिशेने. निळी वेलींतून निसटली, मडक्यामागे गेली, वाळूला चिकटून राहिली. पण फाटक्या शेपटीने पळून पळून किती पळणार? तिलाही वाडगा दाखवण्यात आला.

शेजारच्या वाडग्यातून करडीने तिची समजूत घातली. इथे बरं असतं, वेळेवर खायला मिळतं, कुणी चावत नाही, थोड्या दिवसांत सवय होते, असं ती म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. तिने स्वतःची समजूत अशीच घातली होती.

"चावायला इथे आहेच कोण?" निळी म्हणाली. "आणि चावली ती. मग घर मी का सोडायचं?"

करडी आपल्या पानाखाली जाऊन बसली.

निळीच्या डोक्यात मात्र तिडीक गेली होती. ती वाडग्याच्या तळाशी गेली, अंग आवळलं आणि वर झेपावली. हौद तिच्या उडीच्या टप्प्यात नव्हता. ती धप्पकन फरशीवर पडली. या जातीच्या मासोळीला वरची हवाही थोडीफार घेता येते, म्हणून ती लगेच मेली नाही. येसूने पाहिलं, पदराने उचललं, परत वाडग्यात टाकलं आणि वरचं कापड दोऱ्याने बांधून घेतलं. पुढच्या वेळी खाणं घालायला कापड सोडलं तशी निळीने पुन्हा उडी मारली. या खेपेला कट्ट्याच्या दगडावर घासून तिचे खवले निघाले. मरशील ग मेले, अशाने एक दिवस मरशील, म्हणून येसू कळवळून ओरडली. करडीने हात जोडायचे बाकी ठेवले, तेही तिला हात नव्हते म्हणून. निळीचं एकच, मी इथे राहणार नाही.

अशात ती शेजारची राणी हौद बघायला आली. आपल्या राणीने मोठ्या तोऱ्यात तिला तांबडी दाखवली. पाहुणीने तांबडीचं तोंड भरून कौतुक केलं, पण तिचे डोळे हौदात बाकीच्यांना शोधत होते. नेमकी त्याच वेळी येसूने निळीच्या वाडग्याचं कापड सोडलं. निळी उसळली आणि दोन्ही राण्यांच्या पुढ्यात फरशीवर आपटली.

राणीने खाली वाकून तिला तळहातावर घेतलं.

"तुला मरायचंय का?" राणीने विचारलं. "मी तुला वाचवलं, आणि तू हे पांग फेडतेस?"

"तुम्ही मला वाचवलं नाहीत, राणीसाहेब. घालवलंत." निळीला धाप लागली होती, तरी तिने आवाज खाली आणला नाही. "चावली ती आणि उचललंत मला. पांढरीला उचललंत, करडीला उचललंत. तिला एकदा तरी हात लावलात?"

पाहुणीसमोर हे ऐकून राणीचा चेहरा उतरला. ती सावरून म्हणाली, तांबडी या हौदाची शोभा आहे, तिलाच काढलं तर लोकांनी बघायचं काय?

"मग सगळ्या नांदतात असं लोकांना सांगू नका. हौद एकीचा आहे आणि बाकीच्या कापडाखाली आहेत, असं सांगा. मला परत वाडग्यात टाकलंत तर मी परत उडी मारेन. अंगात जीव आहे तोवर मारत राहीन."

राणीच्या तळहातावरचं पाणी सुकत चाललं होतं. निळीला वाडग्यात टाकून दोरा घट्ट बांधणं तिला अवघड नव्हतं. चार गोड शब्द बोलून पाहुणीला दुसऱ्या दालनात नेता आलं असतं. तिने कट्ट्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन एकेका वाडग्यावरचं कापड स्वतःच ओढून काढलं. प्रत्येक वाडग्यात एकेक फाटकी शेपटी होती. राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण जखमा बऱ्या करत नव्हतो, लपवत होतो, हे तिला तिथल्या तिथे उमगलं.

तिने हात हौदात बुडवला आणि निळीला तिच्या घरात सोडलं. मग म्हणाली, "येसू, जाळी आण. तांबडीला काढ."

तांबडीचा तर विश्वासच बसेना. जाळी जवळ आली तरी ती ऐटीत उभी होती, कारण जाळी आपल्यासाठी कधीच नसते अशी तिची खात्री होती. वाडग्यात पडल्यावर तिने त्याच्या कडांना धडका दिल्या, कल्ले फुगवले, पण फुगवून दाखवायचे कुणाला?

राणी बाकीच्यांना आत सोडायला निघाली, तेव्हा निळीने तिला थांबवलं. आधी सगळ्या जागा मोडा, ती म्हणाली. मडकं हलवा, दगड हलवा. आणि माझ्या वेलीसुद्धा उपटून दुसरीकडे लावा. ज्या वेलींसाठी तिने अर्धी शेपटी गमावली होती, त्या वेली! राणी बघतच राहिली. मग तिने बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात बुडवून सगळा हौद नव्याने मांडला. त्यानंतर सगळ्या जणींना एकाच वेळी आत सोडलं. कुणी जुनी नाही, कुणी नवी नाही. पुन्हा कल्ले फुगले, पुन्हा थोडी झटापट झाली आणि पुन्हा जागा ठरल्या.

बऱ्याच दिवसांनी तांबडीलाही परत हौदात सोडलं. ती आत आली आणि गोंधळली. तिचं म्हणावं असं काहीच ओळखीचं उरलं नव्हतं. सवयीने ती, जी सगळ्यांत लहान दिसली तिच्यावर, म्हणजे निळीवर धावून गेली. निळीने कल्ले फुलवले आणि ती जागची हलली नाही. दगडाआडून करडी बाहेर आली. पांढरी आली, पिवळी आली. कुणी चावलं नाही, कुणी मागेही सरलं नाही. तांबडी क्षणभर तशीच थांबली. जाळी आता चावणारीला उचलते, हे तिला कळून चुकलं होतं. ती वळली आणि रिकाम्या कोपऱ्यात जाऊन राहिली. पुढे तीही इतरांसारखी नांदली, जरा कुरकुरत, पण नांदली.

निळीची शेपटी पुरती भरून आली नाही. पाहुणे आले की ती मुद्दाम काचेजवळ यायची आणि तीच फाटकी शेपटी पसरून उभी राहायची. असली मासोळी मागच्या बाजूला ठेवावी, असं एखाद्याने सुचवलंच, तर राणी त्यालाच मागे उभं करायची.

थोरामोठ्यांनो, पोराबाळांनो, चावणाऱ्याला आवरायची हिंमत ज्याच्यात नाही, त्याने आपलं घर नांदतंय असं सांगू नये.