वहिनीचे वीस दिवस

दादा जाऊन दोन महिने झाले होते आणि वहिनीचा विधवा पेन्शनचा अर्ज तहसील कचेरीत अडकला होता. केंद्राचा नवा नियम राज्यानेही उचलला होता: अर्जदाराने आधी वीस दिवस लोकोपयोगी काम केलेलं पाहिजे.

"घरी बसून पैसे मागायचे दिवस गेले," पेन्शनचे अर्ज बघणारे नाईकनवरे साहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले. "कामाचा पुरावा आणा."

मी टेबलावर मूठ आपटणारच होतो, पण वहिनीने माझा हात धरला. "थांबा भाऊजी. साहेब, कपाटातला अर्जांचा गठ्ठा काढा."

गठ्ठा निघाला. हेलपाटे घालताना वहिनीने कचेरीच्या व्हरांड्यात बसून वीस दिवस निरक्षर बायांचे अर्ज लिहून दिले होते. प्रत्येकावर बाईचा अंगठा, खाली अर्ज लिहिणारी म्हणून वहिनीची सही, तारीख आणि कचेरीचा शिक्का.

साहेब हसले. "अर्ज लिहिणं हे काय काम झालं?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "लिहिणं हे काम नसेल साहेब, तर लिहिलेलं कपाटात ठेवायचा पगार तुम्ही कसा घेता?"

दारात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. साहेबांनी मान खाली घालून 'मंजूर' लिहिलं.

बाहेर आल्यावर वहिनी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. मला मात्र रडू फुटलं.