साहेबांच्या मापाची गाडी

टेंभुर्डे नगरपंचायतीला कचऱ्याच्या वीस हातगाड्या घ्यायच्या होत्या. नगराध्यक्ष डांगेसाहेबांनी काय करावं? आपल्या मेहुण्याच्या गाडीला टेप लावला आणि तीच मापं निविदेत अट म्हणून घातली. वेल्डिंगवाल्या कौसल्याबाई पांचाळांची गाडी सगळ्यांत स्वस्त आणि दणकट, तरी ‘मापात बसत नाही’ म्हणून बाद झाली. पण नियमाला किमान तीन निविदा लागतात आणि उरली एकट्या मेहुण्याचीच, म्हणून त्याच अटींवर फेरनिविदा निघाली.

या वेळी कौसल्याबाईंनी अटी नीट वाचल्या आणि वर्कशॉपमध्ये एकट्याच हसत सुटल्या.

निविदा उघडायच्या दिवशी कौसल्याबाई, मेहुणा आणि आणखी एक जण अशा तिघांच्या नमुन्याच्या गाड्या आवारात उभ्या राहिल्या. कौसल्याबाईंची गाडी पाहताच साहेब खो खो हसले.

“अहो बाई, ही तर लंगडी! डावीकडे कलतेय. बाद करा!”

“तिला लंगडी तुमच्या अटीनं केलंय, साहेब,” कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या. “उजवं चाक सोळा इंच, डावं पंधरा, असं तुम्हीच छापलंय. सरळ गाडी आणली तेव्हा बाद केलीत. आता हीसुद्धा बाद करायची, तर शेजारची पण करा.”

सगळ्यांनी शेजारी पाहिलं. मेहुण्याची गाडी तश्शीच डावीकडे कलून उभी होती.

मुख्याधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे ती अट रद्द केली, आणि सगळ्यांत कमी दराच्या कौसल्याबाईंना काम मिळालं. आता गावात त्यांच्या वीस गाड्या सरळ धावतात. ती लंगडी मात्र त्यांनी वर्कशॉपच्या दारात ठेवलीय. कुणी विचारलं की सांगतात, “ही खास साहेबांच्या मापाची.”