दोराचं दुसरं टोक

फार मागे, समुद्राच्या वाटांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी जवळ बसून ऐकावी. मोठ्यांनी हातातलं काम करता करता ऐकली तरी चालेल.

एका गलबतावर धाकोजी नावाचा तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबताचा मुखत्यार. तो म्हणेल तेव्हा शीड चढायचं, तो म्हणेल तिथं नांगर पडायचा. त्या खेपेला गलबताच्या पोटात भाताचं बियाणं होतं. लांबच्या एका बेटावर भरतीनं बांध फोडला होता. खारं पाणी घराघरांत शिरलं आणि राखून ठेवलेलं सगळं बी नासलं. पेरणीच्या आत बियाणं पोचलं नाही, तर बेटावरच्या चुली थंड पडणार होत्या. धाकोजीची एकुलती लेक त्याच बेटावर दिली होती. तिनं मासे मारणाऱ्यांबरोबर निरोप धाडला होता, "बाबा, पेरायला मूठभरही नाही. तुम्ही या."

त्या गलबतावर एक जुनी रीत होती. कुणी डोलकाठीवर चढला किंवा गलबताच्या बाहेरून खाली उतरला, की त्याच्या कमरेला दोर बांधायचा. आणि वर जो दोर धरील, त्यानं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधायचं. नुसतं हातात धरायचं नाही. हात सुटतो, कंबर सुटत नाही. पडला तर दोघं पडतील, आला तर दोघं येतील.

किनारा दिसेनासा झाला आणि विपरीत घडू लागलं. एका सकाळी गोड्या पाण्याच्या पिंपाचं बूच काढलेलं सापडलं. अर्धं पाणी वाहून गेलं होतं. रांधणारा पोशा म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलं. गोमानं काढलं."

गोमा म्हणजे खलाशांतला सगळ्यांत जुना गडी. तो म्हणाला, "मी तेव्हा सुकाणूवर होतो. तुझ्या डोळ्यांत चुलीचा धूर गेलाय."

"धुरानं डोळे चुरचुरतात गोमा, धुरात तुझं थोबाड उमटत नाही."

दुसऱ्या दिवशी शिडाचा दोर कापलेला निघाला. या वेळी गोमानं पोशाला पाहिलं होतं. आणि पोशा तर सगळ्यांसमोर भाकऱ्या थापत बसला होता.

मग एका दुपारी धाकोजी मागच्या बाजूला गेला, तर सुकाणूवर तो स्वतःच बसलेला होता.

तेच दाढीचे पांढरे खुंट, तीच खांद्यावर फाटून शिवलेली बंडी. धाकोजीनं जन्मात आरसा पाहिला नव्हता. पाण्यात हलणारं तोंड तेवढं ठाऊक. आपण असे दिसतो, इतके थकलेले, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो घाबरायचं विसरून गेला आणि नुसता बघत राहिला. सुकाणूवरच्या धाकोजीनं गलबत हळूहळू खडकांकडे वळवलं होतं. त्यानं मान वर केली. दोघांची नजर मिळाली. आणि ओंजळीतून पाणी सांडावं तसा तो सांडला. फळ्यांवर ओल तेवढी राहिली.

धाकोजीनं सुकाणू धरून गलबत सावरलं. मग त्यानं सगळ्यांना बोलावून खरं ते सांगितलं. "आपल्यात एक आहे, जो आपल्यातला नाही. तो कुणाचंही रूप घेतो."

झालं. त्या दिवसापासून गलबतावर माणूस माणसाला पारखा झाला. पोशानं रांधलेलं कुणी खाईना. गोमानं बांधलेली गाठ दुसरा येऊन सोडून पुन्हा बांधी. झोपायचं तर पाठ भिंतीला लावून.

पोशा गोमाला म्हणाला, "तू खरा गोमा असशील तर सांग, तुझ्या लग्नात काय रांधलं होतं?"

"तू रांधलं होतंस. कुणाला खाववलं नाही ते, लक्षात कुठून राहणार?"

एरवी अशा बोलण्यावर सगळे हसले असते. आता कुणी हसलं नाही. आणि कमरेला दोर बांधायची रीत तर पार बंद पडली. कोण कुणाला बांधून घेणार? आपल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते कुणी सांगावं?

धाकोजी सगळं पाहत होता. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो रूप घेणारा आता काही करतच नव्हता. त्यानं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग पाणी आत येऊ लागलं. तळाशी, बाहेरच्या अंगानं, दोन फळ्यांमधला कापूस आणि राळ निघून गेली होती. गलबताच्या पोटातल्या खालच्या पोत्यांना ओल लागली. कुणीतरी बाहेरून उतरून फट बुजवायला हवी होती. पण कुणी उतरायला तयार होईना, आणि कुणी दोर धरायला पुढे होईना. समुद्र वर आला होता. लाटा आडव्या येत होत्या.

इतक्यात ओरडा झाला. चुलीपाशी दोन पोशे उभे होते. गोमानं वल्हं उचललं, पण कुणावर हाणायचं ते त्याला कळेना.

धाकोजी म्हणाला, "वल्हं खाली ठेव. मी उतरतो." त्यानं दोर घेतला, एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं दोघा पोशांपुढे धरलं. "पोशा, माझा दोर घे."

एक पोशा मागे सरला. तो म्हणाला, "तांडेल, नका सांगू मला. तो दोर घेणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, आणि या दिवसांत माझा मलाच भरवसा उरला नाही."

दुसऱ्या पोशानं हात पुढे केला, दोर घेतला आणि नुसता हातात धरून उभा राहिला.

सगळ्यांना उमगलं, परका तो हाच. त्यानं चेहरे पाहून घेतले होते, आवाज ऐकून घेतले होते. पण त्याच्या देखत कुणी कुणाला बांधून घेतलंच नव्हतं. जे त्यानं कधी पाहिलं नाही, ते त्याला कुठून येणार?

गोमानं पुन्हा वल्हं उचललं. धाकोजी मध्ये आला. त्यानं दोराचं ते टोक त्या परक्याच्या कमरेभोवती घेतलं आणि सावकाश, लेकराला करगोटा बांधावा तशी गाठ मारली.

"तांडेल, तुमचं डोकं फिरलंय काय?" गोमा म्हणाला.

"आता तो कुठं आहे ते सगळ्यांना दिसतंय," धाकोजी म्हणाला. "म्हणजे बाकीचे तुम्ही खरे. आता तरी एकमेकांना धरा."

आणि तो कापूस, राळ घेऊन उतरला.

खाली पाणी काळं होतं. चाचपडत त्यानं फट शोधली, कापूस ठासला, राळ दाबली. तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि तिनं त्याला गलबताखाली ओढलं. दोर ढिला पडला. धाकोजीला वाटलं, सुटलं. पाण्यातल्या जिवाला पाण्याचं काय भय? तो सुखानं घरी जाईल. धाकोजीला लेक आठवली.

मग दोर ताणला गेला, आणि तो वर येऊ लागला.

वर आल्यावर त्यानं जे पाहिलं, ते तो मरेपर्यंत विसरला नाही. दोर ओढणाऱ्याच्या अंगावरून चेहरे सरकत होते, शेतावरून ढगांच्या सावल्या सरकाव्यात तसे. पोशा गेला, गोमा गेला, धाकोजीही गेला. शेवटी कुणाचाच चेहरा उरला नाही. तिथं नुसतं पाणी उभं होतं, माणसाएवढं, स्वच्छ, आणि आत मंद उजेड, जसा शिंपल्याच्या आतल्या अंगाला असतो. दोराची गाठ त्या पाण्याभोवती तशीच होती. त्याच्या मागे गोमा त्याला धरून होता, गोमाच्या कमरेला पोशा बांधलेला, पोशाच्या मागे बाकीचे. पोशाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. लाटासुद्धा हळू झाल्यासारख्या वाटल्या.

त्या पाण्यातून आवाज आला. "मी बुडवायला आलो होतो. तू मला का बांधलंस?"

"दुसरं टोक मोकळं होतं," धाकोजी म्हणाला. "आता तू सांग, आम्ही तुझं काय बिघडवलं?"

"तुम्ही जाता त्या बेटाच्या बंदरात, तळाशी, आमची घरं आहेत. तुमचा प्रत्येक नांगर आमच्या घरांवर पडतो."

धाकोजी खाली बसला. उभ्या आयुष्यात त्यानं किती नांगर टाकले होते. दोर किती लांब सोडायचा, ते तो जाणत होता. खाली काय आहे, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं.

"मग कुठं टाकू?" त्यानं विचारलं.

तो पाण्याचा जीव समुद्रात उतरला आणि पुढे चालू लागला. त्याच्या उजेडामागून गलबत चाललं. बंदराच्या बाहेर, जिथं तळाशी नुसती वाळू होती, तिथं तो थांबला. तिथंच नांगर पडला. बियाण्याची पोती लहान होड्यांतून आणि मग डोक्यावरून किनाऱ्याला गेली. तळातली दोन पोती भिजली होती, बाकीची कोरडी होती. धाकोजीची लेक गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. तिनं पहिलं पोतं आपल्या डोक्यावर घेतलं आणि मग बापाकडे पाहिलं. "बाबा, किती थकलात," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे," धाकोजी म्हणाला. "मी पाहिलंय."

त्या वर्षी बेटावर भात उभं राहिलं. तेव्हापासून तिथं येणारं प्रत्येक गलबत बाहेर वाळूवरच थांबतं, बंदरात नांगर टाकत नाही. आणि धाकोजीच्या गलबताच्या तळाशी पुन्हा कधी पाणी आलं नाही. फळ्यांमधली ती फट आतून कुणी पाहिली, तर तिथं शिंपल्यासारखं काहीतरी मंद चकाकताना दिसे.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: संशय सगळ्यांवर घेतला की गलबत बुडतं, आणि ज्याचा संशय येतो त्याचा दोर आपल्या कमरेला बांधला की ते तरतं.