घंटीचा राग

एकदा एक तरुण शिष्य डांबराचा डबा घेऊन व्यापाऱ्याच्या दुकानाकडे तरातरा निघाला. त्याची थोरली बहीण परिचारिका होती. डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतिणींना पाहायला ती सायकलने जाई. सायकलला घंटी नव्हती. आदल्या दिवशी उतारावरच्या वळणावर अचानक बैलगाडी समोर आली आणि ताईचा हात मोडला. घंट्या परदेशातूनच येत. नदीपलीकडच्या देशात जी घंटी दहा रुपयांना मिळे, तीच इथे तीसला. आज दुकानाच्या दारावर 'लुटारू' असे लिहायचेच, हा त्याचा निश्चय होता.

दुकानाच्या पायरीवर त्याचे वृद्ध गुरू बसले होते.

"गुरुजी, बाजूला व्हा."

"होतो की. आधी आतून एक घंटी आण."

व्यापाऱ्याने घाबरत घंटी पुढे केली. "घ्या, पण डांबराचा हात लावू नका हो तिला."

गुरुजी शिष्याला म्हणाले, "यावर एखादा राग वाजव."

"राग मला आलाच आहे, गुरुजी! थट्टा नको."

"थट्टा नाही. भूप वाजव, सोपा आहे."

शिष्याने खटका दाबला. ट्रिंग. पुन्हा दाबला. ट्रिंग.

"षड्ज लागला. पुढे?"

"पुढे काय? ही काय सतार आहे?"

"सरकारच्या लेखी आहे." गुरुजींनी व्यापाऱ्याकडून जकातीची पावती मागून घेतली आणि शिष्यासमोर धरली. तिच्यावर लिहिले होते : 'घंटी. वर्ग : वाद्ये व चैनीच्या वस्तू.'

शिष्याने ती ओळ दोनदा वाचली.

गुरुजी म्हणाले, "नदीपलीकडे हीच घंटी 'वाहनाचा सुटा भाग' म्हणून उतरते. तिथला नियम लिहिणारा सायकलने कचेरीत जात असावा. आपल्याकडच्याने घंटा फक्त देवळात ऐकली. हा व्यापारी काही साधू नाही, आपले चार पैसे तो सोडत नाही. पण वरचा सगळा भार त्या एका शब्दाचा आहे. देश ज्याला गरज म्हणतो त्यावर तो हलका हात ठेवतो, ज्याला चैन म्हणतो त्यावर जड. वस्तू तीच असते, बाळ. तिच्यावाचून कोणाचे अडते, हे कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही, एवढाच फरक."

"मग इतकी वर्षे हा शब्द कोणी बदलला का नाही?"

"कारण प्रत्येक जण दुकानदाराशी भांडून घरी गेला."

शिष्याने डबा पायरीखाली ठेवला. "हा नियम लिहिणारे कुठे बसतात?"

"राजधानीत. तीन दिवसांची वाट आहे."

व्यापाऱ्याने घंटी कागदात गुंडाळून शिष्याच्या हाती दिली.

चौथ्या दिवशी राजधानीतल्या कचेरीत अधिकाऱ्याने मान वर न करताच विचारले, "काय काम आहे?" शिष्याशेजारी ताई उभी होती, मोडलेला हात गळ्यात बांधलेला. शिष्याने घंटी टेबलावर ठेवली. त्याचा आवाज आता शांत होता.

"साहेब, यावर एखादा राग वाजवून दाखवा."