भिंतीला हात लावू नका

"मग लोक रडतात ते खोटं का, बाबा?"

कमालशा फकीर ओट्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा दाभणाने शिवत होते.

विचारणारा होता पिक्चरचा दिग्दर्शक सारंग नाडगौडा. वाघजाळी गावाच्या टेकडीखालच्या या ओट्यावर, बाबांच्या पायाशी बसून, त्याने दोन उन्हाळे काढले होते. आपल्या पिक्चरची कथा त्याने इथेच लिहिली. पुढे याच गावात शूटिंग झालं आणि तो हिंदी पिक्चर देशभर लागला. खेड्यातली गरिबी आणि नागरिकाचं कर्तव्य, असा विषय. बक्षिसं मिळाली, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. आता शूटिंगनंतर दोन वर्षांनी दिग्दर्शक साहेबांची पायधूळ पुन्हा इकडे झडली होती, ती एक तक्रार घेऊन.

तक्रार अशी, की लोक पिक्चर बघून डोळे पुसतात, उभे राहून टाळ्या वाजवतात आणि गाड्या काढून घरी जातात. करत कुणीच काही नाही. माणसाला शेजाऱ्याचं देणंघेणंच उरलेलं नाही, हे त्याने बाबांना चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. सांगताना त्याचा गळा भरून आला. त्यात खोटं काही नव्हतं. स्वतःच्या बोलण्याने त्याला नेहमीच भरून यायचं.

"मी अजून काय करायला पाहिजे होतं?"

बाबांनी दोरा दाताने तोडला आणि चप्पल पायात घातली.

"चल, केवळाच्या घरी जाऊन येऊ."

केवळा कोण, हे सारंगला चटकन आठवेना. मग आठवली ती आधी भिंत, आणि नंतर बाई.

केवळाबाईच्या घराची मागची भिंत शूटिंगच्या वर्षी पावसात ढासळली होती. चांगलं पुरुषभर उंचीचं भगदाड पडलं होतं. संध्याकाळचं ऊन त्यातून थेट चुलीवर यायचं आणि त्या उन्हावर कॅमेरामन बेहद्द खूश होता. अर्धा प्रसंग तिथे झाला आणि नटीच्या तारखा संपल्या. निघताना सारंगने स्वतः केवळाबाईला बजावलं होतं, की उरलेलं काढायला आम्ही परत येऊ. तोवर भिंतीला हात लावू नका, घरातली एक वस्तू जागची हलवू नका, नाहीतर पडद्यावर फरक दिसतो. त्याच्या मदतनीस मुलीने घरभर फिरून फोटोही काढून घेतले होते.

परत येणं काही जमलं नाही. मुंबईत स्टुडिओत तशीच भिंत उभी केली, तसंच भगदाड पाडलं आणि प्रसंग पुरा करून टाकला. त्या भिंतीला कलादिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. केवळाबाईला निरोप द्यायचा तेवढा राहून गेला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

वाटेत तो बाबांना म्हणाला, की केवळाबाईने भिंत केव्हाच बांधून घेतली असेल.



भगदाड होतं तसंच होतं. सारंगला पाहून केवळाबाईचा चेहरा असा फुलला, की माहेरचं माणूस आल्यावरही फुलला नसता. तुम्ही येणार हे मी सगळ्यांना सांगत होते, असं तिने दोनदा सांगितलं. तिचे भाऊ भिंत रचायला आले होते. तिने त्यांना चहा पाजून माघारी लावलं. ग्रामसेवक घरकुलाची यादी घेऊन आला, त्यालाही तिने नंतर बघू म्हणून सांगितलं. गाव तिला हसलं. हसेना का, तिने शब्द दिला होता.

सारंगने आत पाहिलं. कोनाड्यातली चिमणी तिथेच, फुटका रांजण तिथेच. दोरीवर वाळत घातलेलं हिरवं लुगडं उन्हाने पांढरं पडलं होतं. तिच्याकडे नेसायला दोनच लुगडी होती, आणि त्यातलं हे तिने दोन वर्षं नेसलं नव्हतं.

भगदाडाला लागून बाज होती. प्रसंगात केवळाबाई स्वतः चुलीपुढे होती आणि तिचा नवरा त्या बाजेवर बसला होता. म्हातारा कसा बसला होता, हे सारंगला नीट आठवत होतं. चेहरा फार बोलका होता त्याचा.

"मामा कुठं गेलेत?"

"गेले की ते. मागल्या पुसात, थंडीत."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली...

"गार वारं सारं अंगावर यायचं. खोकला काय हटंना. मी म्हनलं, बाज चुलीकडं घेते. तेच म्हनले, ऱ्हाऊ दे, फोटूत मी हितंच हाये."

सारंगला मरणाची लाज वाटली.

"साहेब, एक विचारू का? आता त्यांच्या जागी माझ्या दिराला बसवलं, तर चालंल का? तोंडावळा तसाच हाये."

खरं काय ते सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण तो स्टुडिओ, ती दुसरी भिंत, ते बक्षीस... हे या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने सोपी वाट धरली.

"झालं मावशी सगळं काम. आता भिंत बांधून घ्या."

केवळाबाईला राग आला नव्हता. तिला फक्त कळत नव्हतं.

"कधी झालं? मी तर हितनं हलले न्हाई."

भगदाडातून वारं आत आलं. लुगडं हललं...

सारंगने बाबांकडे पाहिलं. देशभर भाषणं ठोकून आलेला हा माणूस एका शब्दासाठी त्यांच्याकडे हात पसरून उभा होता.

बाबा बाजेपाशी गेले. डोक्यावरून पांघरूण ओढून, भगदाडाकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन बसले. म्हातारा असाच बसला होता.

केवळाबाईला ते लगेच उमगलं. लगबगीने ती चुलीपुढे आपल्या ठरल्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पदर सारखा केला.

दोघेही त्याची वाट बघत होते. सारंगचा हात खिशातल्या फोनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"काढ, लेकरा," बाबा म्हणाले. "त्या माणसाला अजून किती दिवस बसवून ठेवतोस?"