मामलेदारांच्या कागदातली चूक

रत्नागिरीचे रिटायर मामलेदार सुर्वेसाहेब म्हणजे सगळं मिनिटावर. उद्या सकाळी घरच्यांना घेऊन कोल्हापूर, रात्री परत, सगळ्या वेळा कागदावर लिहिलेल्या. पण गाडीत थोरल्या वच्छीवहिनीला जागा नाही म्हणाले. "आंबा घाटात ओकलात तर माझा टाइम चुकेल. माझ्या कागदात एक चूक काढा, पुढची सीट तुमची."

चौथी नापास वच्छी म्हणाली, "वाचून दाखवा भावजी."

"सहाला निघायचं. नऊला रंकाळा. एकला सगळ्यांनी मटण, तांबडा रस्सा..."

"थांबा. उद्या संकष्टी. आपल्या घरात चंद्र बघितल्याशिवाय कोण जेवतं? तुमच्या कागदात घड्याळ आहे, तिथी कुठाय?"

जावा तोंडाला पदर लावून हसल्या.

सकाळी वच्छी ऐटीत पुढे बसली. मागे साहेब, मांडीवर तिच्या साबुदाणा खिचडीचा डबा धरून.